घरच्या घरी स्पीकरची पेटी



आज पापड-लोणच्याचा विषय नाही आणि कर्जाच्या हप्त्याचाही नाही. आज आम्ही सांगणार आहोत स्पीकरची पेटी घरी कशी करायची ते. हसू नका. आमच्या गटानं अशा दोन पेट्या केल्यात, आणि आमच्या गावात तरी हे बोलणं आत्ता त्यातूनच ऐकू येत असणार.

का केल्या, ते आधी सांगतो. आमच्या गटात आम्ही चौदाजणी. पण बुधवारच्या बैठकीला सासवा, सुना, माहेरी आलेल्या लेकी धरून वीस-बावीस बाया देवळाच्या सभामंडपात जमतात. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले, की रेडिओवरचा कार्यक्रम सगळ्यांनी मिळून ऐकायचा आणि मग त्यावर प्रत्येकीला एकेक प्रश्न विचारायचा, अशी आमच्याकडची पद्धत. एकदा लेकरांच्या जुलाबावर फार चांगलं भाषण झालं. ओआरएसची पुडी कशी कालवायची, ते त्यात होतं. भाषण संपल्यावर प्रश्न निघाला, एक पुडी किती पाण्यात टाकायची? पुढं बसलेल्या बाया म्हणाल्या, एक लिटर. मागं खांबाला टेकलेल्या तिघी म्हणाल्या, एक पेला.

रेडिओवरच्या ताईंनी सांगितलं होतं की पेल्यात नाही, लिटरभर पाण्यात. खांबापर्यंत त्यातला फक्त पेला पोचला होता. मोठी पुडी लिटरभर पाण्यासाठी केलेली असते. तीच एका पेल्यात कालवून दिली तर मीठ फार जास्त होतं, आणि आधीच पाणी गमावलेल्या लेकराला ते धोक्याचं असतं. प्रश्न विचारायची पद्धत होती म्हणून त्याच दिवशी कळलं. पण त्या तिघींच्या कानात काही दोष नव्हता. तळहाताएवढ्या रेडिओचा आवाज वीस बायांना पुरतच नाही.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच, तरुण मंडळाची मोठी पेटी आणायची. आणली. ढोल दणक्यात वाजतो तिच्यावर, पण भाषण लावलं की माणूस रांजणात तोंड घालून बोलतोय असं वाटतं. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आपण बोलतो तेव्हा 'अ', 'आ', 'ओ' हे आवाज जाड असतात, जोरदार असतात. पण शब्द ओळखू येतो तो 'त', 'ठ', 'स', 'क' अशा बारीक, झटकन जाणाऱ्या आवाजांवरून. 'सात हजार' आणि 'साठ हजार' यांत फरक किती? एका 'त'चा आणि 'ठ'चा. दणदणाट करणाऱ्या पेटीत जाड आवाज फुगतात आणि हे बारीक आवाज त्याखाली दबतात. म्हणजे आपल्याला नुसता मोठा आवाज नको होता. मागच्या बाईला 'सात' आणि 'साठ' वेगळं ऐकू यायला हवं होतं.

त्यासाठी फुल रेंज नावाचा स्पीकर असतो. मोठ्या पेटीत दोन-तीन स्पीकर असतात, जाड आवाजाला एक आणि बारीक आवाजाला दुसरा. कोणता आवाज कुणाकडे पाठवायचा ते ठरवणारी एक जोडणी आत असते. फुल रेंजमध्ये हे काही नाही. एकच स्पीकर जाड ते बारीक सगळं वाजवतो. बँजोच्या धडाक्याला तो कमी पडेल, पण माणसाचं बोलणं त्यातून स्वच्छ येतं, कारण सगळं बोलणं एकाच तोंडातून येतं. आणि पहिल्यांदा हात घालणाऱ्या बाईला जोडायच्या तारा फक्त दोन.

नुसता स्पीकर हातात घेऊन उलटा करा. मागं जाड चुंबक दिसेल. त्या चुंबकाच्या फटीत बारीक तारेचं वेटोळं असतं आणि ते पुढच्या कागदी कोनाला चिकटवलेलं असतं. तारेतून वीज एका दिशेनं गेली की वेटोळं पुढं ढकललं जातं, उलट दिशेनं गेली की मागं ओढलं जातं. कागद त्याच्याबरोबर हलतो, कागद हवा हलवतो आणि ती हवा आपल्या कानाला लागते. अमेरिकेत चेस्टर राईस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ साली कागदी कोनाचा असा स्पीकर जगापुढं मांडला. शंभर वर्षं झाली, आतली गोष्ट तीच आहे. आमच्या एका आजींना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे सूपच की! पाखडलं की वारा येतो." आम्हाला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

मग पेटी कशाला? हा प्रयोग तुम्ही करून बघाच. नुसता स्पीकर हातात धरून वाजवा. आवाज चिरका, पोकळ येतो. आता जाड पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचं भोक पाडा आणि त्यावर स्पीकर धरा. त्याच क्षणी आवाज भरतो. बायका मागं वळून बघतात! होतं असं की कोन पुढं गेला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची सैल होते. नुसत्या स्पीकरला कडेनं वळसा घालून मागची हवा पुढच्या हवेला भेटते आणि दोघी एकमेकींना खोडून टाकतात. जाड आवाज तिथंच संपतो. पुठ्ठा मधे आला की ही भेट अवघड होते, आणि चहूबाजूंनी बंद पेटी केली की ती होतच नाही. गावातली पोरं जुन्या माठाच्या तोंडावर स्पीकर बसवून गाणी ऐकतात ना, त्यामागं हेच आहे. बंद पेटीचा आणखी एक फायदा १९५४ साली एडगर विल्चर यांनी दाखवून दिला. पेटीतली कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी कोनाला सांभाळून घेते. मात्र त्यासाठी पेटीला कुठंही फट चालत नाही. हे लक्षात ठेवा, आपलं निम्मं काम फट बुजवण्याचं आहे. पुरणपोळीची कड दाबून घेणाऱ्या बाईला ते नवीन नाही.

आता सामान. तालुक्याच्या इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात चार इंची फुल रेंज स्पीकर मागा, चार ओहमचा. ओहमचा आकडा चुंबकावर लिहिलेला असतो. दुकानदार वॅटचा मोठा आकडा दाखवून महागडा द्यायला बघेल. वॅट म्हणजे स्पीकर किती सोसतो तो आकडा, तो किती मोठा वाजतो हे त्यावरून कळत नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज जेमतेम जाणवेल इतकाच वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. सभामंडपात वीस बायांना बोलणं ऐकवायला दोन-तीन वॅट पुरतात.

ते देण्यासाठी काडेपेटीहून लहान अशी अॅम्प्लिफायरची पट्टी मिळते. पाच व्होल्टवर चालणारी, पॅम ८४०३ या नावाची मागा, आवाज कमी-जास्त करायचं बटण बसवलेली. ती मोबाइलच्या चार्जरवर किंवा पॉवर बँकेवर चालते. आमचा कल पॉवर बँकेकडे आहे. एक तर बुधवारी दुपारीच नेमकी लाइट जाते, आणि दुसरं म्हणजे स्वस्त चार्जरमधून कधी कधी घूंऽऽ असा आवाज येत राहतो, तो पॉवर बँकेवर येत नाही. शिवाय पाच व्होल्टनं शॉक बसत नाही. घरातल्या भिंतीच्या बोर्डात, २३० व्होल्टच्या तारेत, यातलं काहीही जोडायचं नाही.

पेटीला १२ मिलिमीटरचं प्लायवूड. नवं पान घेऊ नका, सुताराकडे तुकडे पडलेले असतात. एका पेटीला सहा फळ्या लागतात, त्यांच्या तीन जोड्या. पुढची आणि मागची फळी १८ बाय २८ सेंटिमीटर. दोन बाजू १५.६ बाय २८. वरची आणि खालची १५.६ बाय १५.६. आतली जागा साधारण सहा लिटर होते, म्हणजे घरातल्या मोठ्या कुकरएवढी. करवतीचं काम आम्ही सुतारकाकांकडून करून घेतलं. कापणी काटकोनात नसेल तर फळ्या एकमेकींवर नीट बसत नाहीत, आणि हा हात एका दिवसात येत नाही. शंभर रुपये मजुरी वाचवण्यात शहाणपण नाही.

पुढच्या फळीत गोल भोक पाडायचं, तेही त्यांनाच सांगा, पण माप आपण द्यायचं. 'चार इंची' या नावावर जाऊ नका. स्पीकरची बाहेरची कड चार इंच असते, भोक त्याहून लहान लागतं. स्पीकर उलटा करून, कडेची पट्टी सोडून आतला घेर मोजा. भोक फळीच्या बरोबर मधोमध नको. थोडं वर, थोडं एका बाजूला घ्या. सगळ्या कडा सारख्या अंतरावर असल्या तर काही आवाज उगाच जास्त उठतात.

फळ्या आल्या की पुढचं सगळं बायकांचं. आधी कोरड्याच जुळवून बघा. मग कडेला फेव्हिकॉल लावून पुढची फळी, बाजू, वरची, खालची आणि मागची अशा बसवा. दाबून धरायला शिकंजे नसतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापा आणि ताणून चारी बाजूंनी गुंडाळा. वर पाटा ठेवा. रात्रभर, शक्यतो चोवीस तास, हलवू नका. सुकल्यावर गोल भोकातून हात घालून आतल्या प्रत्येक सांध्याला फेव्हिकॉलमध्ये लाकडाचा भुसा कालवून त्याचा लेप द्या. हात बारीक असलेली मुलगी या कामाला बरी. मागच्या फळीला तार बाहेर काढायला लहान भोक पाडा आणि तार ओवल्यावर ते एम-सीलनं बुजवा.

आत थोडा कापूस लागतो. रिकाम्या पेटीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि बोलणं घुमतं. जुन्या उशीतला पॉलिस्टरचा कापूस मोकळा करून, पातळ कापडात सैल बांधून, मागच्या बाजूला निम्म्या पेटीत ठेवा. दाबून भरू नका, आणि तो कोनाला लागता कामा नये.

आता तारांचं काम. स्पीकरला मागं दोन कान असतात, एकावर अधिकची खूण असते. खूण पुसली असेल तर भिंतीवरच्या घड्याळातला सेल घ्या आणि दोन तारांनी क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलच्या अधिक टोकाला जोडलेला कान अधिक. आत गेला तर उलट. सेल धरून ठेवायचा नाही, नुसता टेकवायचा. दोन पेट्या करणार असाल तर हे नक्की तपासा. एक उलटी जोडली गेली तर एका पेटीचा कोन पुढं येताना दुसरीचा मागं जातो आणि मधे बसलेल्यांना बोलणं पोकळ ऐकू येतं.

तारेला डाख द्यायला २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री पुरते. डाख उघड्यावर द्या, धूर नाकात घेऊ नका, लेकरं लांब ठेवा. डाखाच्या तारेत शिसं असतं, म्हणून काम झालं की साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. आणि या पट्टीची एक खोड सांगून ठेवतो. तिला दोन स्पीकरची दोन वेगळी तोंडं असतात, आणि प्रत्येकाचा अधिक-वजा वेगळा. काही जण तार वाचवायला दोन्ही स्पीकरच्या वजा तारा एकत्र पिळतात. या पट्टीत तसं केलं तर ती जळू शकते. चारही तारा वेगवेगळ्या न्यायच्या. एकच पेटी असेल तर एकाच बाजूला जोडा, दुसरी बाजू मोकळी राहू द्या.

स्पीकर बसवताना कडेखाली ट्यूबचं कापलेलं कडं किंवा फोमची पट्टी ठेवा, म्हणजे तिथून हवा जाणार नाही. स्क्रू पिळताना एका हातानं कोनावर स्टीलची ताटली धरा. चुंबक स्क्रूड्रायव्हर असा ओढून घेतं की तो निसटून थेट कागदात घुसतो. फाटलेल्या कोनाला मग फडफड लागते.

झाली पेटी. आता फट तपासा. दोन्ही हातांची बोटं मधल्या टोपीच्या भोवती सारखी ठेवून कोन अगदी हलकेच आत दाबा आणि सोडा. टोपीवर दाब देऊ नका. सावकाश परत आला तर पेटी हवाबंद. झटकन आला तर कुठंतरी हवा जातेय. मग ढोल असलेलं गाणं लावा आणि उदबत्ती सांध्यांवरून फिरवा. धूर जिथं धक्के खाईल तिथं फट. असा एखादा कोपरा बहुतेक पेटीत निघतो. तिथं बाहेरून पुन्हा लेप. पुढच्या तोंडाला जुन्या सुती साडीचा तुकडा ताणून लावा. कापडातून फुंकर पलीकडे गेली तर ते चालेल.

खर्च विचाराल. आम्हाला पहिली पेटी ८४० रुपयांना पडली. स्पीकर ३५०, पट्टी ८०, प्लायवूडचे तुकडे १५०, कापणी १००, फेव्हिकॉल-स्क्रू-तार १००, मोबाइलची पिन असलेली वायर ६०. दुसरीला ७०० लागले, कारण पट्टी आणि पिनेची वायर तीच. दोन्ही मिळून १,५४०. तुमच्याकडे भाव थोडे इकडेतिकडे होतील. खरं सांगायचं तर तयार ब्लूटूथ स्पीकरही याच्या आसपास मिळतो, आणि बैठकीत आमच्या खजिनदार वहिनींनी हेच विचारलं होतं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एकटीला स्वयंपाक करताना गाणी ऐकायची असतील तर तयार घ्या. पण तो बंद पडला की बहुधा फेकावा लागतो. आपल्या पेटीचा स्पीकर बिघडला तर ३५० चा नवा, पट्टी गेली तर ८० ची नवी, आणि बदलणार आपणच.

हे चालू असताना मंडपाच्या पायरीवर बसून दोन-तीन जण "वायरीला हात लावू नका गं, जळून जाल" असं सांगत होते. पाच व्होल्टला जळायचं कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. तेलंगणातल्या माचनूर गावात २००८ सालापासून संघम रेडिओ आहे. तो दलित बाया चालवतात, ध्वनिमुद्रणाची यंत्रंही त्याच हाताळतात. आपण तर नुसती ऐकायची पेटी करतोय.

पेटी झाल्यावर ती ठेवायची कुठं, हेही तितकंच महत्त्वाचं. कोपऱ्यात ठेवली तर जाड आवाज फुगतो आणि परत तेच रांजणातलं बोलणं. भिंतीपासून दोन हात पुढं, खाली बसलेल्या बाईच्या कानाच्या उंचीवर, पोत्यावर नाही तर पाटावर किंवा स्टुलावर ठेवा. फुल रेंजची एक उणीव आहे. बारीक आवाज त्यातून सरळ पुढं जातो, विजेरीच्या झोतासारखा. अगदी बाजूला बसलेल्या बाईला 'स' आणि 'श' कमी ऐकू येतात. म्हणून पेटीचं तोंड आम्ही मागच्या रांगेकडे, म्हाताऱ्या बायांकडे करतो. पुढच्यांना तसंही ऐकू येतं. दुसरी पेटी केली ती मंडप लांबट आहे म्हणून. ती मधल्या खांबापाशी असते.

रेडिओच खरखरत असेल तर मात्र पेटी खरखर मोठी करून ऐकवेल. सामुदायिक रेडिओचं केंद्र कमी ताकदीचं असतं, दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत नीट पोचतं. डोंगर मधे आला की त्याहून कमी. आधी रेडिओ खिडकीपाशी, उंचावर नेऊन आवाज स्वच्छ करून घ्या, मगच पिन लावा. नव्या मोबाइलला पिनेचं भोक नसेल तर ब्लूटूथवाली पट्टी मिळते, थोडी महाग.

पावसाळ्यात कागदाला ओल लागते आणि उंदरांना कापूस आवडतो. म्हणून बैठक झाली की पेट्या कापडी पिशवीत घालून माळ्यावर जातात, जमिनीवर राहत नाहीत. कोणाकडे राहतील ते वहीत लिहिलेलं असतं, दर महिन्याला घर बदलतं. लग्नाला, वाढदिवसाला द्यायच्या नाहीत असा ठराव झालाय. अंगणवाडीच्या ताईंना लसीकरणाच्या दिवशी द्यायच्या, असाही झालाय.

ज्या गटांना करून बघायच्या असतील त्यांनी फळ्या कापण्याआधी आपला स्पीकर आणि फूटपट्टी घेऊन आमच्या बुधवारच्या बैठकीला या. दुपारी तीन वाजता, देवळात. माप आम्ही काढून देऊ, डाख तुम्ही द्यायचा.

नमस्कार.